इंग्लंडमध्ये ओळख 'हॅलो'च्या पुढे कशी सरकते?

गोदाकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी मूळची नाशिकची असून नोकरीच्या निमित्ताने गेल्या वर्षी पती आणि सात वर्षांच्या मुलीसह शेफील्डला राहायला आले. इथल्या लोकांबद्दल तक्रार करण्यासाठी हा धागा काढलेला नाही, हे आधीच सांगते. आम्ही आलो त्याच आठवड्यात शेजारच्या आजोबांनी कचऱ्याचा कोणता बिन कोणत्या आठवड्यात बाहेर ठेवायचा ते कागदावर लिहून दिले. आम्ही कामावर असताना आलेली पार्सले ते न सांगता घेऊन ठेवतात, आणि कुंपणापाशी भेटले की पावसापासून गुलाबांच्या छाटणीपर्यंत सगळे बोलतात. ऑफिसातही कोणी चहा करायला उठले, तर टेबलाटेबलाशी जाऊन प्रत्येकाला विचारल्याशिवाय केटल लावत नाही.

तरीही इतक्या महिन्यांत एकही ओळख उंबऱ्याच्या आत आलेली नाही. 'तुम्ही एकदा घरी यायलाच हवं' असे दोघी-तिघी सहकारी अगदी मनापासून म्हणाल्या, पण पुढे ना तारीख ठरली, ना वेळ. नाशिकला संध्याकाळी जाता जाता बेल वाजवून 'आहात का घरी?' म्हणत येणाऱ्या माणसांत मी वाढले, त्यामुळे ही शांतता मला जड जाते. हिवाळ्यात चारच्या आत अंधार पडू लागला की ती जास्तच जाणवते.

आपण होऊन बोलावणे इथे आगाऊपणाचे ठरते का? शुक्रवारी सगळे कामावरून पबमध्ये जातात. मी मद्य घेत नाही आणि शाकाहारी आहे, तर जावे की नाही? मुलीचा वाढदिवस नोव्हेंबरात आहे, तो कसा करावा? इथे बरीच वर्षे काढलेल्यांनी अनुभवाने सांगावे. 'मराठी मंडळींतच राहा' हे उत्तर मात्र मला नको आहे, कारण मुलगी इथेच वाढणार आहे.

जुना लेस्टरकर

बोलावणे खुशाल तुम्हीच करा, पण तारखेसह करा. 'एकदा या' हे वाक्य इथे सद्भावना म्हणून बोलले जाते; त्यात खोटेपणा नसतो, पण ते आमंत्रणही नसते. आमंत्रण म्हणजे तीन-चार आठवडे आधी सांगितलेला दिवस आणि वेळ, आणि शक्य असेल तर कार्यक्रम केव्हा आटोपेल याचा अंदाज. 'पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन ते पाच चहाला याल का?' असे विचारले, की समोरचा माणूस फोनमधले कॅलेंडर उघडतो आणि 'हो' म्हणाला तर हमखास येतो. पहिल्या खेपेला जेवणाचा घाट घालू नका. चहाला यजमानाची धावपळ होत नाही आणि पाहुण्यालाही किती वेळ बसावे याचे दडपण येत नाही. कोणाला काही पथ्य किंवा अ‍ॅलर्जी आहे का, ते आधी विचारा. पाहुणे बहुधा फुले, चॉकलेट किंवा वाइनची बाटली घेऊन येतील. बाटली तुम्ही पीत नसलात तरी आनंदाने घ्यावी.

एका गोष्टीवर थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या पुष्कळ मंडळींना ती इथे अडचणीत टाकते. आपण आग्रहाच्या पंगतीत वाढलो. पाहुण्याने दोनदा 'नको' म्हणायचे, यजमानाने तिसऱ्यांदा वाढायचे आणि मग पाहुण्याने हसून घ्यायचे, ही आपली रीत आहे आणि तिच्यात माया आहे. इथे मात्र पहिले 'नको' हे शेवटचे धरतात. तुमच्या पाहुण्याने दुसरा सामोसा नाकारला आणि तुम्ही तो ताटात घातलाच, तर बिचारा संकोचाने खाईल आणि पुढच्या वेळी येताना विचार करील. उलट तुम्ही त्यांच्याकडे गेलात आणि बिस्किटांच्या बशीला संकोचाने 'नको' म्हटलेत, तर ती बशी तुमच्याकडे पुन्हा फिरणार नाही. खायचे असेल तर पहिल्याच वेळी घ्यावे. त्यात हावरटपणा कोणी मानत नाही, उलट यजमानाला बरे वाटते.

शेजारच्या आजोबांना मात्र इतक्या औपचारिक बोलावण्याची गरज नाही. त्यांच्याशी तुमची ओळख पुढे सरकलीच आहे. ज्याच्याकडे पार्सल ठेवता येते, त्याच्याकडे सुट्टीवर जाताना घराची किल्लीही ठेवता येते आणि झाडांना पाणी घालायलाही सांगता येते. तुम्ही त्यांच्याकडे असे एखादे छोटे काम मागा. मदत मागितल्याने इथली शेजारची माणसे जवळ येतात, असा माझा अनुभव आहे.

वाटाड्या

पबबद्दल लिहितो. जरूर जा, पहिला तासभर तरी जा. पबमध्ये मद्य न घेणारी माणसे नेहमीच असतात, आणि लाइम अँड सोडा किंवा बिनअल्कोहोल बिअर मागितल्याने कोणाच्याही भुवया उंचावत नाहीत. कारण विचारले जात नाही आणि तुम्ही सांगण्याचीही गरज नाही. कारण सांगू लागलात, तरच उगीच विषय होतो.

राउंडची पद्धत मात्र समजून घ्या. टेबलाशी वेटर येत नाही. बारपाशी जाऊन मागवायचे असते. घोळक्यातला एक जण उठून सर्वांसाठी पेये आणतो, पुढच्या खेपेला दुसरा उठतो. तुमचे पेय स्वस्तातले असले तरी पाळी आली की उठावे आणि 'कोणाला काय आणू?' असे विचारावे. सगळ्यांचे ग्लास निम्म्यावर यायला लागले की ती वेळ झाली असे समजावे. लवकर निघायचे असेल तर पहिलीच राउंड आपण घ्यावी, म्हणजे मोकळेपणाने निघता येते. कोणी पाळी चुकवली तर कोणी बोलून दाखवत नाही, पण लक्षात राहते. बारपाशी रांग दिसत नसली तरी आपल्या आधी कोण आले हे सगळ्यांना ठाऊक असते. बारवाल्याने चुकून आधी तुम्हाला विचारले, तर 'यांचा नंबर आधी आहे' असे म्हणावे. एवढ्याने शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशीही संभाषण सुरू होते.

ऑफिसात ज्याचा वाढदिवस असतो, त्यानेच सगळ्यांसाठी केक आणायचा असतो. तुमच्या वाढदिवसाला कोणी केक आणला नाही म्हणून मन खट्टू करून घेऊ नका.

सह्यकडा

वरचे दोन्ही सल्ले योग्य आहेत, पण माझ्या मते मूळ अडचण वेगळीकडे आहे. आपण समोरासमोर बसून, गप्पा मारून जवळ येतो. इथली माणसे खांद्याला खांदा लावून काही करत असताना जवळ येतात. समोर बसवून 'तुमच्या घरी कोण कोण असतं?' असे विचारले की ती आक्रसतात. त्याच माणसांबरोबर चिखलातून पाच मैल चाला, आई-वडिलांच्या आजारपणापासून घटस्फोटापर्यंत सगळे आपण होऊन सांगतात, कारण तेव्हा दोघांचीही नजर वाटेवर असते. म्हणून दर आठवड्याला त्याच ठिकाणी, त्याच माणसांबरोबर होणारे एखादे काम निवडा. आमंत्रणे त्यातून आपोआप येतात, यायला वर्ष लागले तरी हरकत नाही.

शेफील्डला तुम्ही फार भाग्यवान आहात. मँचेस्टरकडे जाणाऱ्या होप व्हॅलीच्या गाडीत बसलात, की ग्रिंडलफर्ड, हॅदरसेज, एडेल अशी एकेक डोंगराखालची स्टेशने लागतात. त्या भागात चालण्याला केवळ करमणूक मानत नाहीत. १९३२ साली मँचेस्टर-शेफील्डकडच्या तरुण कामगारांनी खासगी शिकारीसाठी राखलेल्या किंडर स्काउट पठारावर बंदी मोडून चढाई केली, त्या प्रकरणी पाच जणांना तुरुंगवास झाला, आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. शेफील्डच्या चालणाऱ्या मंडळींना हा इतिहास आपला वाटतो. तुम्ही त्याबद्दल एक प्रश्न विचारलात तर पुढचा तासभर बोलायला विषय पुरतो. रॅम्बलर्स ही चालणाऱ्यांची जुनी संस्था आहे, तिच्या स्थानिक गटांच्या पायी सहली ठरलेल्या असतात. हरिश्चंद्रगड, रतनगड पाहिलेल्या नाशिककरांना हे डोंगर उंचीने किरकोळ वाटतील. वारा आणि धुके मात्र किरकोळ समजू नका. चांगले जलरोधक जाकीट आणि बूट आधी घ्या.

मी स्टॉकपोर्टला राहतो आणि माझ्या ओळखी झाल्या त्या मुख्यतः अलॉटमेंटवर. कौन्सिल भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे अल्प भाड्याने देते, १९०८ च्या कायद्यापासून तिच्यावर तशी जबाबदारीच आहे. पूर्ण तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा असतो, पण बरेच जण अर्धाच घेतात, आणि प्रतीक्षायादी लांब असल्यामुळे नाव आजच घालून ठेवावे. माझ्या पलीकडच्या तुकड्यावरच्या बाईंनी पहिल्या उन्हाळ्यात माझी मेथी पाहून 'तण आहे का?' असे विचारले. मी एक जुडी देऊन बटाट्याबरोबर कशी परतायची ते सांगितले. पुढच्या रविवारी त्या स्वतःच्या रूबार्बचा (आंबट देठांची इथली भाजी) गठ्ठा घेऊन आल्या, आणि त्यानंतर आमच्यात बी-बियाणे, फावडी आणि थर्मासमधला चहा यांची देवघेव सुरू झाली. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या बोलावण्यावरून.

इतके थांबायचे नसेल तर पार्करन आहे. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये सुरू झालेली ही पाच किलोमीटरची धाव दर शनिवारी सकाळी नऊ वाजता असंख्य बागांमध्ये फुकट होते. तुमच्याकडे एंडक्लिफ पार्कमध्ये आहे. चालत गेले तरी चालते, आणि पळायचे नसेल तर पिवळे जाकीट घालून स्वयंसेवक म्हणून उभे राहता येते. मला तर स्वयंसेवकाचे कामच अधिक उपयोगी वाटते, कारण धाव संपल्यावर सगळे एकत्र कॉफीला जातात. मुलांसाठी रविवारी दोन किलोमीटरची वेगळी धाव असते. जवळ कोठे आहे ते पाहून मुलीला न्या.

पोळीभाजी

माझी मुले रेडिंगच्या शाळेत आहेत, म्हणून वाढदिवसापुरते लिहिते. सात वर्षांच्या मुलांसाठी चर्चचा किंवा वस्तीचा हॉल दोन तासांसाठी मिळतो आणि तेवढा पुरे होतो. आमंत्रणात सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, पालकांनी थांबायचे की मुलाला सोडून जायचे, आणि भावंडांनी यायचे की नाही, हे स्पष्ट लिहा; नाहीतर पालक अवघडतात. भेटवस्तू तिथे सगळ्यांसमोर उघडत नाहीत, घरी उघडून नंतर आभाराची चिठ्ठी पाठवतात. केकचा तुकडा कागदी रुमालात गुंडाळून पार्टी बॅगेबरोबर (पाहुण्या मुलांना द्यायची छोट्या भेटींची पिशवी) घरी देतात. पालक मुलांना न्यायला येतात ती दहा मिनिटे तुमच्यासाठी मोलाची आहेत, त्या वेळी स्वयंपाकघरात अडकू नका. शाळेची जत्रा असेल तर टेबल मांडायला हात वर करा.

गोदाकाठ यांच्या शेवटच्या वाक्याबद्दल मात्र मला वेगळे वाटते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे आणि आज बऱ्याच शहरांत लहान मंडळे आहेत. तिथे गेल्याने इंग्रज शेजारी दुरावत नाहीत. उलट ज्या आठवड्यात मनसोक्त मराठी बोलून होते, त्या आठवड्यात मला शाळेच्या फाटकाशी उभे राहून पावसावर बोलायचा कंटाळा येत नाही. माणसाला घरच्यासारखे बोलायची एक जागा लागतेच, आणि ती शोधण्यात काही कमीपणा नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. अलॉटमेंटच्या यादीत नाव घातले आहे, आणि पोळीभाजी यांचे म्हणणेही पटले. शेवटची शंका अशी, की दिवाळीत शेजाऱ्यांना फराळ द्यावा असे मनात आहे. ते इथे विचित्र दिसेल का? आणि अंगणात फटाके उडवले तर चालतात का?

जुना लेस्टरकर

अवश्य द्या. नाताळात शेजारी एकमेकांना कार्डे आणि गोड वस्तू देतात, त्यामुळे सणाचे खाणे दारात आले याचे त्यांना नवल नाही, आनंदच होईल. डब्यावर घटक मात्र लिहा: चिवड्यातले शेंगदाणे, चकलीतले तीळ, लाडवातले काजू आणि तूप, शंकरपाळ्यांतला मैदा. यातला प्रत्येक पदार्थ कोणाला तरी बाधू शकतो. डबा देऊन दोन मिनिटे दारातच बोला, आत बोलावले तर जा.

फटाक्यांना एरवी रात्री ११ नंतर मनाई असते. ५ नोव्हेंबरला, म्हणजे इथल्या फटाक्यांच्या 'बॉनफायर नाइट'ला, ती मध्यरात्रीपर्यंत आणि दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत शिथिल होते. तरी नऊच्या आत आटोपलेले बरे. आजोबांकडे कुत्रा असेल तर त्यांना दोन दिवस आधी वेळ सांगून ठेवा, म्हणजे ते त्याला आत घेतील, आणि कदाचित स्वतः फुलबाज्या पाहायला कुंपणापाशी येतील.