कृतज्ञता आणि कारभारीपण: तुमचे अनुभव लिहा

ठाणे पूर्वेची
सगळ्यांना सलाम. पावसाळा संपला की मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, कापणीच्या सणाचं बोलणं सुरू होतं, दानाची पाकिटं वाटली जातात, आणि दरवर्षी माझ्या मनात येतं की दशमांश, कमाईचा दहावा भाग, टाकला म्हणजे आपला हिशेब मिटला असं आपण धरून चालतो, पण उरलेले 90 टक्के पण देवाचेच की! बायबलात प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की कारभारी विश्वासू निघावा एवढीच अपेक्षा असते. तर पैसा, वेळ, घर, हातातली कला, जे तुमच्याकडे सोपवलंय त्याचं तुम्ही काय करता ते लिहा. प्रवचन नको, घडलेलं लिहा.

ऐरोलीकर
आमच्यातले बरेचसे नगर-जालन्याकडचे, शेती आता कोणाचीच उरली नाही, तरी सणाला वेदीपुढे ऊस, भोपळे, केळीचे घड, अंड्यांचे ट्रे सगळं येतं आणि उपासना झाली की लिलाव. मागे एका काकूंनी खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंडीतला कढीपत्ता आणला, पानं पुसून, पांढऱ्या दोऱ्याने जुडी बांधून. बोली वीस रुपयांपासून सुरू झाली, ज्याने घेतली त्याने परत टेबलावर ठेवली, परत बोली, असं करत करत पाचशेच्या वर गेली. काकू पदराने डोळे पुसत होत्या. येशू दानपेटीसमोर बसून श्रीमंतांचं सोडून त्या गरीब विधवेच्या दोन टोल्यांबद्दल, अगदी हलक्या नाण्यांबद्दल, का बोलला ते मला त्या दिवशी उमगलं.

घोडबंदर रोडवरून
माझं माहेर उत्तन. आमचा आगेरा, म्हणजे कापणीचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, फादर भाताच्या नव्या लोंब्यांना आशीर्वाद देतात. आजी ती लोंबी घरच्या ऑल्टरला खोचायची आणि नवा तांदूळ आधी शेजारी द्यायची, मग आमच्या ताटात. मी तांदूळ दुकानातूनच आणते, पण नवीन गोणी फोडली की पहिलं माप कामवाल्या ताईंचं.

कळव्याचा खजिनदार
मी हिशेबाचं लिहितो, कारण त्याला कोणी भक्ती म्हणत नाही आणि मला ती भक्तीच वाटते. अर्पणाची थैली उपासना संपल्यावर लगेच दोघांसमोर उघडायची, एकट्याने कधीच नाही, नोटा-नाणी वेगळी करून आकडा वहीत, दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत. महिन्याचा जमाखर्च फळ्यावर लावतो. आमचा ट्रस्ट 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला आहे म्हणून ऑडिट होतंच, पण कायदा नसता तरी हेच केलं पाहिजे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवताना पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनीच नेमलेला भाऊ दिला, एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून, 2 करिंथ 8 काढून बघा. ज्या बाईने भाजी विकून दहाची नोट टाकलीय तिला ती कुठे गेली हे कळलंच पाहिजे, यात मला तडजोड चालत नाही.

नेरुळ, नर्स आहे
2020 मध्ये मिस्टरांचं काम बंद पडलं, त्यात माझी कोविड वॉर्डात ड्युटी, तेव्हा उपकारस्तुती तोंडातून निघत नव्हती, खोटं कशाला बोलू. महिला मंडळाच्या बायका तांदूळ, डाळ, तेल दारात ठेवून बेल वाजवून निघून जायच्या, आम्हाला लाजायची वेळच येऊ दिली नाही त्यांनी. आता पगार झाला की आधी एक किराणा पिशवी भरते. कोणाला जाते ते आमच्या पाळक साहेबांना माहीत, मला नाही, आणि तेच बरं.

कोपरखैरणे
रिटायर आहे, पैसा बेताचा, वेळ भरपूर. संध्याकाळी वस्तीतल्या दहावीच्या मुलांना आमच्या हॉलमध्ये गणित शिकवतो, कोणत्याही धर्माची असोत. बायको चहा करते.

वाशीची
नाताळच्या जेवणाबद्दल सांगते. थोड्याशा भाकरींत पाच हजार लोक जेवल्यावर येशूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून, बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातून भाकरी वाढली तोच तुकडे उचलायला सांगतोय! म्हणून आम्ही पातेली झाकून न ठेवता पंगत उठली की लगेच डबे भरतो, तरुण संघाची मुलं स्टेशनबाहेर गरम गरम वाटून येतात. यंदा थर्माकोलच्या प्लेटा बंद करून मंडळीची स्टीलची ताटं घ्यायची असं चाललंय, घासायची पाळी लावायला लोक तयार आहेत. कोणाच्या मंडळीत हे करून झालं असेल तर ताटं ठेवता कुठे आणि पाण्याचं कसं जमवता ते लिहा.