एकच निबंध सगळीकडे?

'एक दमदार निबंध तयार ठेवा, कॉलेजचं नाव बदलून सगळीकडे पाठवा' हा एमबीए प्रवेशासाठी दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०२४ मध्ये ९०० शब्दांचा मोकळा निबंध बंद करून तीन छोटे आणले: व्यवसायाची दृष्टी ३०० शब्दांत, नेतृत्व आणि जिज्ञासा प्रत्येकी २५० मध्ये. स्टॅनफर्डच्या एमबीएचा प्रश्न वेगळाच: तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय आणि का? एकाचं उत्तर दुसऱ्यात बसवणार कसं?

ऑफिसातल्या पोरांचे मसुदे वाचतो, त्यात 'का' नेहमी दीड ओळीत उरकलेला असतो. एकाने वडिलांचं दुकान बुडाल्यावर देणेकऱ्यांना स्वतः तोंड दिलं होतं. चहाच्या टपरीवर ते तासभर सांगितलं, निबंधात मात्र डॅशबोर्ड आणि प्रोसेस इम्प्रूव्हमेंट! (ते रेझ्युमेत होतंच की.)