भूमिती श्रेढी: सूत्र पाठ आहे, तरी पद चुकतं. सुरुवात कशी करावी?

खडूफळा:
अंकगणिती श्रेढी शिकवून झाली, आता भूमिती श्रेढी (प्रत्येक पद = आधीचं पद × एकच ठरलेली संख्या, म्हणजे गुणोत्तर) घ्यायची आहे. हाताशी चार तासिका. मुलं सूत्र घडाघडा म्हणतात, पण ५, १५, ४५, … चं सहावं पद विचारलं की निम्म्या वह्यांत ५ × ३^६ दिसतं, काहींत तर थेट १५^५. बेरजेच्या सूत्रातला छेद (गुणोत्तर − १) कुठून आला, हे एकालाही सांगता येत नाही. कागदाच्या घड्यांपासून सुरुवात करायचा विचार आहे. चालेल का?

घातांक:
घड्या घाला, पण पहिला घोळ तिथेच होतो हे लक्षात असू द्या. एकही घडी नसताना थर १ असतो. तीन घड्यांनंतर थर ८, म्हणजे २^३. पण १, २, ४, ८ या क्रमिकेत ८ हे चौथं पद आहे. घड्यांचा आकडा आणि पदाचा क्रमांक यांत एकाचा फरक पडतो आणि मुलं नेमकी तिथे घसरतात.

त्यासाठी फळ्यावर तीन रकाने आखा: पदाचा क्रमांक, आतापर्यंत किती वेळा गुणलं, पद. तुमच्याच उदाहरणात १–०–५, २–१–१५, ३–२–४५. मधला रकाना मुलांकडूनच भरून घ्या आणि सहाव्या ओळीपर्यंत सूत्राचं नाव काढू नका. ५ × ३^५ = १२१५ आपसूक येतं.

१५^५ ची चूक वेगळी आहे. ती घातापूर्वी गुणाकार केल्याने होते. ५ × ३ × ३ × ३ × ३ × ३ असं एकदा लांबलचक लिहायला लावा आणि विचारा, यात ५ किती वेळा आला?

आणि २, ४, ८, १६ हे उदाहरण पहिल्या दिवशी अजिबात नको. पहिलं पद आणि गुणोत्तर दोन्ही २, त्यामुळे सहावं पद २^६ असं चुकीच्या समजुतीने लिहिलं तरी उत्तर ६४ बरोबरच येतं. चूक पकडली जात नाही आणि पक्की होऊन बसते.

शेषफल:
बेरजेलाही तेच लागू. गुणोत्तर २ घेतलं तर छेदात २ − १ = १ येतो, म्हणजे छेद दिसतच नाही. मग तो कुठून आला हे मुलं कशी सांगणार? गुणोत्तर ३ घ्या आणि दुसरी ओळ एक घर उजवीकडे सरकवून लिहा:

बेरीज = २ + ६ + १८ + ५४
बेरजेची तिप्पट = ६ + १८ + ५४ + १६२

खालच्यातून वरची वजा केली की मधलं सगळं उडतं. डावीकडे बेरजेची दुप्पट, उजवीकडे १६२ − २ = १६०, म्हणून बेरीज ८०. ही दुप्पट म्हणजेच ३ − १, आणि तोच छेद. असं दोन-तीनदा आकड्यांनी झालं की अक्षरं आणा. गुणोत्तर १ असेल तर सूत्रात शून्य भागिले शून्य येतं, तिथे पहिल्या पदाला पदसंख्येने गुणायचं. हे मुलांनाच शोधू द्या.

ऋणचिन्ह:
गुणोत्तर २ इतकं वाळीत टाकायला नको. वर्तुळावर १, २, ३, ४, ५ बिंदू घेऊन सगळ्या जीवा जोडल्या की वर्तुळाचे भाग पडतात १, २, ४, ८, १६. सहा बिंदूंना किती, असं विचारा. वर्ग ३२ म्हणून ओरडेल, येतात जास्तीत जास्त ३१ (तीन जीवा एकाच बिंदूतून जाऊ देऊ नका, नाहीतर ३० भरतील). चार-पाच पदं पाहून श्रेढी ठरवू नये, हे त्या तासाला कायमचं कळतं.

ऋण गुणोत्तराला मात्र वेळ राखून ठेवा. कंसाशिवाय −३^४ टाकलं की बरेच कॅल्क्युलेटर −८१ दाखवतात, हवे असतात ८१. ४ आणि ३६ यांच्या मधलं पद १२ इतकंच सांगून मुलं थांबतात. ४, −१२, ३६ हीसुद्धा भूमिती श्रेढीच आहे. चार अज्ञात पदं मानताना गाइडात ती अ/र^३, अ/र, अर, अर^३ अशी घेतात, म्हणजे गुणोत्तर र^२ होतं. गणित सोपं होतं खरं, पण र^२ धनच असल्याने १, −२, ४, −८ सारखी उत्तरं निसटतात. तीन पदांना ही अडचण नाही.

खडूफळा:
रकाने आणि तिप्पट उद्याच करतो. अनंत पदांच्या बेरजेसाठी उसळणारा चेंडू घेऊ का?

शेषफल:
घ्या, पण आकृती काढूनच. २ मीटरवरून सोडला, दरवेळी आधीच्या उंचीच्या ०.६ पट उसळतो: १.२, ०.७२, ०.४३२… या उंचींची बेरीज म्हणजे पहिलं पद ÷ (१ − गुणोत्तर), १.२ ÷ ०.४ = ३. प्रत्येक उसळी वर आणि खाली अशी दोनदा मोजायची, पहिले २ मीटर मात्र एकदाच. एकूण २ + ६ = ८ मीटर. बहुतेकांचं उत्तर ५ येईल, काहींचं १०. दोन्ही फळ्यावर लिहा आणि कोणता प्रवास सुटला, कोणता दोनदा धरला, ते आकृतीत बोट ठेवून दाखवायला सांगा.