'मंजूर', 'कार्यरत', 'उपलब्ध': पोलिसांच्या बातम्यांतले शब्द

कोथरूडकर

पुण्यातल्या पोलिसांविषयीच्या बातम्यांत 'मंजूर संख्याबळ', 'कार्यरत संख्याबळ' आणि 'उपलब्ध मनुष्यबळ' हे तीन शब्द आलटून पालटून वापरलेले दिसतात. तिन्हींचा अर्थ एकच का? शिवाय 'निलंबित', 'संलग्न' आणि 'बडतर्फ' यांत नेमका फरक काय? सोसायटीच्या ग्रुपवर परवा यावरून चांगलीच जुंपली होती.

माजी खाकी

एकच अर्थ मुळीच नाही. बातमी लिहिणारा हे तीन शब्द एकाच पोत्यात घालतो आणि मग 'एवढे पोलीस असून चौकात एकही दिसत नाही' असं आपण म्हणतो.

'मंजूर' म्हणजे शासन निर्णयातली पदं. पद म्हणजे कागदावरची जागा, माणूस नव्हे. भरती होऊन, प्रशिक्षण संपवून माणूस रुजू झाला की तो 'कार्यरत'. या दोन्हींतली वजाबाकी म्हणजे 'रिक्त'. इथवर कागदावर सगळं दिसतं आणि माहिती अधिकारात मागितलं तर मिळतंही.

खरी गंमत 'उपलब्ध'मध्ये आहे. तो आकडा रोज सकाळी बदलतो आणि तो फक्त हजेरी मास्तरला ठाऊक असतो. ठाण्यात ड्युट्या वाटणारा अंमलदार म्हणजे हजेरी मास्तर. त्याच्या वहीत कार्यरत माणसांची नावं असतात आणि तो एकेक नाव बाजूला काढत जातो: दोघं साप्ताहिक सुट्टीवर, एक सिक, एक हक्क रजेवर. एक कोर्टात, एक समन्स-वॉरंटला. मुद्देमाल कारकून, म्हणजे जप्त वस्तू सांभाळणारा, जागेवरून हलू शकत नाही. सीसीटीएनएसवर, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींच्या संगणक प्रणालीवर, बसलेला उठू शकत नाही. अधिकाऱ्याचा रायटर म्हणजे तपासाची सगळी कागदपत्रं लिहिणारा माणूस, त्याला काढलं तर आरोपपत्र अडतं. चारजण दुसऱ्या शाखेशी 'संलग्न', म्हणजे पगार या ठाण्याच्या नावावर आणि काम भलतीकडे. उरले ते 'उपलब्ध'. त्यातूनच बीट मार्शल, म्हणजे हद्दीत गस्त घालणारे, निघतात, रात्रपाळी लागते आणि त्यातूनच बंदोबस्तही जातो.

गणेश विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे चालते, तेव्हा साप्ताहिक सुट्ट्याही बंद होतात. लक्ष्मी रस्त्यावर काल दुपारी उभा केलेला माणूस आज सकाळी अलका चौकात दिसला तर तो तोच असतो. म्हणून 'मंजूर'चा आकडा छापून 'दर लाखामागे इतके पोलीस' असं गणित मांडलं की आमच्यासारख्यांना हसू येतं.

आणखी एक शब्द 'वर्ग करणे', म्हणजे एकीकडचं दुसरीकडच्या नावावर करणं. 15 ऑगस्ट 2018 ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झालं, तेव्हा पुणे शहर आणि पुणे ग्रामीणकडची काही ठाणी, माणसांसकट, तिकडे वर्ग झाली. बातमीत 'नव्या आयुक्तालयाला मनुष्यबळ मिळाले' असं येतं. ते कुठून मिळालं हे 'वर्ग' या शब्दात असतं, आणि नेमका तोच शब्द मथळ्यातून गळतो. 2024 मध्ये शहरात सात नवी ठाणी झाली, आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ. अशा वेळी पाटी कधी लागली यापेक्षा 'पदं नवी निर्माण झाली की वर्ग झाली' हे विचारावं.

पेठेतला

पैशाचंही सांगा की. आम्ही एवढ्या पावत्या फाडतो, त्यातून पोलिसांच्या गाड्यांचं डिझेल तरी निघतं का?

माजी खाकी

राव, पावतीपुस्तक जाऊन ई-चलान आलं तरी पुणेकर 'पावती फाडली' असंच म्हणतो! कायद्याच्या भाषेत तुम्ही भरता तो कोर्टाचा दंड नसतो. ती 'तडजोड रक्कम' असते, मोटार वाहन कायदा 1988, कलम 200. कोर्टात न जाता प्रकरण मिटवण्याची ती किंमत. ती राज्याच्या तिजोरीत जाते, चौकातल्या हवालदाराच्या ठाण्याला नाही. 'सशुल्क बंदोबस्त' म्हणून क्रिकेट सामन्यांचे पैसे घेतात, तेही सरकारजमाच. पोलीस हा राज्यसूचीतला विषय, त्यामुळे पगार महापालिका देत नाही, गृह विभाग देतो. राज्याच्या अर्थसंकल्पात त्या खर्चाचं लेखाशीर्ष 2055. नव्या गाड्यांना कधीकधी जिल्हा नियोजन समितीचा निधी मिळतो, म्हणून पालकमंत्री हिरवा झेंडा दाखवताना दिसतात.

कोथरूडकर

काका, निलंबनाचं राहिलंच.

माजी खाकी

निलंबन ही शिक्षा नाही. चौकशी होईपर्यंत माणसाला कामापासून दूर ठेवणं, एवढंच. साधारण निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो, नेमून दिलेलं मुख्यालय सोडायचं तर परवानगी लागते. मे 2024 च्या कल्याणीनगर अपघातानंतर येरवडा ठाण्यातले दोन अधिकारी निलंबित झाले, तेव्हा लोक 'घरी बसवलं' म्हणत होते. घरी बसवणं म्हणजे बडतर्फी, तिथवर जायला खातेनिहाय चौकशी लागते. राज्यघटनेच्या कलम 311(2) मधल्या 'ब' पोटकलमाखाली चौकशीशिवाय बडतर्फ करता येतं, पण ते अपवादाने. 'सेवेतून काढून टाकणे' ही बडतर्फीहून सौम्य, त्यात पुन्हा सरकारी नोकरीचं दार सहसा बंद होत नाही.

सगळ्यात फसवा शब्द मात्र 'बदली'. एखादं प्रकरण पेटलं की 'नियंत्रण कक्षात तडकाफडकी बदली' असा मथळा येतो आणि जनतेला वाटतं कारवाई झाली. बदली शिक्षेच्या यादीत नाही. लोकांचा राग शांत करायला ती वापरतात, हे माझं मत, आणि ते खात्यातल्या पुष्कळांचं आहे.

पेठेतला

मग जाब कुणाला विचारायचा?

माजी खाकी

पोलीस सुधारणांच्या 2006 च्या प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य आणि विभागीय पातळीवर त्यांची तरतूद केली. आयुक्तालयात 'अर्ज' दिला की खात्यातलाच अधिकारी 'प्राथमिक चौकशी' करतो. प्राधिकरण त्याहून वेगळं. दोन्हीकडे एकाच वेळी कागद देऊन लोक घोळ घालतात. अर्जावर 'कारवाई करावी' असं मोघम लिहू नका. कोणती नोंद घेतली नाही आणि कोणत्या तारखेला, ते लिहा. किरकोळ बाबतीत, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या अंमलदाराचा 'कसुरी अहवाल' जातो, हा शब्द बाहेर कुणाला माहीत नसतो. कामात कसूर केली, तिचा अहवाल. पुढे दंड, ताकीद किंवा वेतनवाढ रोखणं, जे काही व्हायचं ते तिथून सुरू होतं.