मराठी घर, आरसीबीची जर्सी आणि मॅच बघायला सोबत: बेळगावात मुलींचा ग्रुप आहे का?

शहापूरवाली
नमस्कार मंडळी. कुठल्या विभागात टाकायचं कळेना म्हणून इथंच टाकतेय, जागा चुकली असेल तर अ‍ॅडमिननी हलवा.

मी बेळगावात शहापूरला राहते, एका ऑफिसात अकाउंट्स बघते. माझ्या टीम दोन, आयपीएलमधली बेंगळुरूची आरसीबी (पोरांची पण आणि पोरींची पण) आणि आपली इंडियाची महिला टीम. नुसता स्कोअर बघून मोबाईल बाजूला ठेवायचा असलं माझं नाही, कोण बेंचवर बसलीय, कुणाचा गुडघा धरलाय, पुढची सिरीज कुठं आहे सगळं डोक्यात असतंय. २०१७ला ईडन गार्डनवर आरसीबी ४९ वर ऑलआउट झाली ती मॅच मी शेवटच्या विकेटपर्यंत बघितली, दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी जीव खाल्ला खरं मी दप्तरावरचा स्टिकर काढला नाही. २०२३ला डब्ल्यूपीएलचं, म्हणजे पोरींच्या आयपीएलचं, पहिलंच वर्ष आणि पोरी पहिल्या पाचच्या पाच मॅच हरल्या, तेव्हा पण ऑफिस सुटलं की धावत घरी येऊन टीव्ही लावायचे. मग २०२४च्या १७ मार्चला दिल्लीत फायनल, दिल्लीची टीम बिनबाद ६४ आणि मॉलिन्यूनं एकाच ओव्हरमध्ये तिघींना घालवलं, श्रेयांकानं चार विकेट, ११३ वर ऑलआउट! शेवटी रिचा घोषनं चौका मारला तेव्हा मी किंचाळले ते समोरच्या घरातनं विचारायला आले काय झालं म्हणून.

आता अडचण. आमचं घर पक्कं मराठी. बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून बाबा दरवर्षी १ नोव्हेंबरला काळी फीत बांधून फेरीला जातात, आजोबा पण जायचे. बाबांचं म्हणणं एवढंच की क्रिकेट बघ, नको कोण म्हणतंय, खरं टीम मुंबईची धर, बेंगळुरूची जर्सी घालून या गल्लीतनं फिरू नको. मी त्यांच्याशी भांडत नाही कारण त्यांच्यासाठी तो विषय खेळाचा नाहीच, त्यात त्यांची सगळी उमेद गेलीय. पण मला माझी टीम सोडवत पण नाही.

दुसरं म्हणजे सोबत. आमच्या चौकात फायनलला मंडळाची पोरं पडदा लावतात, गर्दी सगळी पोरांची, बायका आपापल्या गॅलरीतनं बघणार. ३ जून २०२५ला मी गॅलरीतच होते. शेवटच्या ओव्हरला पंजाबला २९ पाहिजे होते, हेझलवूडच्या पहिल्या दोन बॉलवर शशांक सिंगला रन नाही निघाला आणि तिथंच कळलं की कप आला, मग त्यानं सिक्सर मारल्या खरं उपयोग नव्हता, ६ रन्सनी जिंकलो. कोहलीच्या डोळ्यात पाणी, खाली पोरं एकमेकांच्या अंगावर पडून नाचूलेत आणि मी वरती एकटी. आईला हाक मारली तर म्हणाली झोप आता. २००९, २०११, २०१६ तीन फायनल हरून अठराव्या वर्षी कप आला आणि मिठी मारायला कोण नाही, मला त्या दिवशी आनंद जास्त झाला का वाईट जास्त वाटलं अजून कळत नाही.

तर विचारायचं हे की बेळगावात, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठं पण, मुलींचा किंवा बायकांचा एकत्र मॅच बघायचा ग्रुप आहे काय? नसेल तर कसा सुरू करायचा? आणि बाबांना काय सांगू?

निपाणीचा_पलटणवाला
ताई, मी मुंबईच्या टीमचा, आधीच सांगतो. तुमच्या बाबांचं मला शंभर टक्के समजतंय. बाहेरच्या माणसाला वाटतंय खेळ आहे सोडून द्या, खरं सीमाभागात सातबारा, शाळा, दुकानाची पाटी सगळ्यात भाषेचा प्रश्न घेऊन जगलेल्या माणसाला जर्सीवरचं नाव नुसतं नाव वाटत नाही. आमच्या घरी पण तेच. मी मुंबई धरली ती पाच कप बघून नाही (२०१३, १५, १७, १९, २०), आमचे काका मुंबईत गिरणीत होते, त्यांच्यामुळं मुंबई म्हणजे आपलं माणूस तिथं आहे असं लहानपणापासून वाटायचं.

आणि मुलींचं म्हणाल तर मुंबई तिथं पण २०२३ आणि २०२५ला जिंकलीय, वर्ल्डकप आणणारी हरमनप्रीत आमची कॅप्टन. टीम बदला म्हणत नाही, टीम अशी बदलता येत नाही हे मला पण माहितेय. फक्त बाबांसमोर जर्सी नका घालू. घरात शांतता राहील. त्यात कमीपणा नाही.

ग्रुपचं माहीत नाही. आमच्याकडं तरी बायकांचा नाही.

टिळकवाडीची_अक्का
निपाणीकर, तुमची भावना खरी आहे, पण पोरीनं आवडीची वस्तू लपवून ठेवायची हा सल्ला मला पटला नाही. आम्ही आयुष्यभर तेच केलं. भाऊ रेडिओला कान लावून कॉमेंट्री ऐकायचा आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून, हातात निवडायला तांदूळ, म्हणजे कुणी विचारलं तर काम चालू आहे म्हणायला. गावसकर किती झाला हे मला भावाच्या आधी ठाऊक असायचं आणि बोलायची चोरी. तू असलं काही करू नकोस गं.

बाबांना सांगायचंच तर हे सांग. राहुल द्रविड मराठी घरातला, वाढला बेंगळुरूत, खेळला कर्नाटकाकडनं आणि २००८ला आयपीएल सुरू झालं तेव्हा आरसीबीचा पहिला कॅप्टन तोच. त्या द्रविडनं एक बॅट दिली स्मृती मानधनाच्या भावाला, श्रवणला, आणि ती बॅट मग स्मृतीनं वापरली. स्मृती वाढली सांगलीत, माधवनगरला. महाराष्ट्राकडनं खेळताना २०१३ला गुजरातविरुद्ध अंडर नाइन्टीनच्या वनडेत नाबाद २२४ काढले तिनं, तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची होती. आज ती बेंगळुरूच्या टीमची कॅप्टन आहे. आपल्या बेळगावातनं सांगली जवळ का बेंगळुरू जवळ? हे मी वाद जिंकायला सांगत नाही, तुझ्या बाबांना ते ठाऊक नसेल तर ऐकून बरं वाटेल म्हणून सांगते.

आणि वादाच्या वेळी सांगू नकोस. मॅच चालू असताना, ती चांगली खेळत असताना सहज सांग.

खानापूरची_फॉरवर्ड
शहापूरवाली तुझं ते गॅलरीतलं वाचून कसंतरीच झालं गं, माझं पण डिट्टो फक्त माझी टीम फुटबॉलची, एफसी गोवा. आमच्या अर्ध्या पावण्यांची घरं गोव्यात, चोर्ल्यातनं उतरलं की आलंच, लहानपणी मामा फातोर्ड्याच्या स्टेडियमला घेऊन गेला आणि ते केशरी शर्ट बघून मी तिथंच अडकले. २०१५ची फायनल आमच्याच मैदानावर, नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-१ पुढं, आणि त्यानंतर दोन गोल खाल्ले, ३-२. २०१९ला परत फायनल, जादा वेळेत राहुल भेकेचा हेडर आणि बेंगळुरू एफसीनं नेली (भेके मुंबईचा मराठी पोरगा, म्हणजे बघ टीमचं आणि भाषेचं गणित कसं असतंय). आयएसएलचा, म्हणजे फुटबॉलच्या लीगचा, तो कप अजून आला नाही आमच्याकडं. तरी २२ ऑक्टोबर २०२५ला सौदीच्या अल नस्रसारखी टीम फातोर्ड्याला आली तेव्हा ब्रायसननं गोल मारलाच, २-१ हरलो खरं मान वर करून. २०२५ला आयएसएल वेळेवर सुरूच झालं नाही, त्याचा जो त्रास होतोय तो घरात कुणाला सांगून कळत नाही.

ग्रुपचं सांगते. मी ठरवून काही केलं नाही, झालं ते असं. ३० ऑक्टोबर २०२५ला बायकांच्या वर्ल्डकपची सेमीफायनल आणि त्याच संध्याकाळी आमच्या घरी आईच्या बचत गटाची बैठक. टीव्ही बंद कर म्हणाली आई. मी म्हटलं आवाज बंद करते, चित्र राहू दे. बायका हप्त्याचे पैसे मोजत होत्या, वहीवर सह्या चालू, आणि ऑस्ट्रेलियाचे ३३८ झालेले. मधेच एका काकूंनी विचारलं ही पोरगी कोण, अंगावर एवढी माती कशी? जेमिमा होती. डाईव्ह मारून मारून जर्सी मळलेली. मग मी सांगत बसले, हिला आधी एका मॅचला टीमबाहेर बसवलं होतं, आज तिसऱ्या नंबरवर पाठवलीय. झालं. ८२ वर तिचा कॅच हीलीनं सोडला तेव्हा खोलीत जो आवाज निघाला ना! पैसे मोजायचे राहिले, वही तशीच उघडी. घरी जेवायला जायची वेळ झाली तर काकू सुनेला फोन करून सांगतात भाकऱ्या तू टाक, इथं मळकी पोरगी अजून आउट नाही. नाबाद १२७ केले तिनं, नऊ बॉल राहिले असताना जिंकलो, आणि ज्यांना ओव्हर म्हणजे काय हे दुपारी माहीत नव्हतं त्या बायका जेमिमाबरोबर रडल्या.

म्हणून म्हणते क्रिकेट कळणाऱ्या मुली शोधत बसू नको. आधीपासनं एकत्र बसणाऱ्या बायका शोध, भजनी मंडळ असेल, भिशी असेल, बचत गट असेल. मॅच तिथं ने. समजवायला तू आहेसच की.

कॅम्पातला_गोलकी
फुटबॉलचं नाव निघालं म्हणून आलो. मी लेले ग्राउंडवर खेळत वाढलोय, आमच्या बहिणी टचलाइनवर उभ्या राहून आमच्यापेक्षा जास्त ओरडायच्या, तेव्हा बेळगावात बायकांना खेळ बघायची सवय नाही हे मला मान्य नाही. बसायला जागा नाही हे मान्य.

दोन गोष्टी बोलतो. एक, मंडळाच्या पोरांना विचारा. आमच्याकडं आम्ही विचार न करता पडदा लावायचो, बायकांनी पुढं यावं असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. एकीनं येऊन सांगितलं की पुढच्या दोन ओळी खुर्च्या टाका आणि बाजूनं जायला वाट सोडा, दुसऱ्या मॅचपासनं केलं. काहीही अवघड नव्हतं.

दुसरं जरा गंभीर. कप आल्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या बाहेर गर्दीत चेंगरून ११ जणांचा जीव गेला. त्यांच्यात जास्त करून तरणी पोरं पोरीच, आपल्यासारखीच टीमवर जीव लावलेली. मला ते डोक्यातनं जात नाही. म्हणून जिथं बसाल तिथं माणसं मोजकी, जिना मोकळा, आणि रात्री कोण कुणाला सोडणार हे टॉस व्हायच्या आधी ठरलेलं पाहिजे. घरचे नाही म्हणतात ते बहुतेक वेळा या परत यायच्या काळजीनं म्हणतात, क्रिकेटमुळं नाही.

शहापूरवाली
सगळ्यांना मनापासून थँक्यू, ऑफिसात जेवायच्या सुट्टीत वाचत होते.

अक्का तुमचं द्रविडच्या बॅटचं वाचलं आणि २ नोव्हेंबर आठवला. आदल्या दिवशी काळा दिन, बाबा फेरीहून येऊन दमून झोपलेले. दुसऱ्या दिवशी वर्ल्डकपची फायनल, नवी मुंबईत पाऊस, मॅच उशिरा सुरू झाली. बाबा म्हणाले मी थोडा वेळ बसतो. स्मृती आणि शफालीनं शंभरच्या वर ओपनिंग दिली तेव्हा बाबा मांडी घालून पुढं सरकले. साउथ आफ्रिकेच्या वूल्व्हार्टचं शतक झालं आणि पुढच्या थोड्या वेळात अमनजोतनं तिचा तो हातातनं उडत राहिलेला कॅच घेतला, तेव्हा बाबाच आधी उठून उभे राहिले. मध्यरात्र झाली संपायला, दीप्तीच्या पाच विकेट. बाबांनी मला विचारलं ही मानधना सांगलीचीच नव्हं? मी हो म्हटलं, पुढं काही बोलले नाही. आता बोलेन, बॅटचं पण सांगेन.

निपाणीकर दादा, तुमचं वाईट वाटलं नाही, काकांचं वाचून बरंच वाटलं. पण जर्सी मी लपवणार नाही. बाबांना कळायचं असेल तर मला बघूनच कळेल, मी कपाटात ठेवली तर त्यांना वाटेल मलाच ते चुकीचं वाटतंय. मला ते चुकीचं वाटत नाही. मी मराठी आहे, बाबांच्या मागण्या माझ्या पण आहेत, आणि संध्याकाळी साडेसातला मी आरसीबीची आहे.

खानापूरवाली, बचत गटाचं डोक्यात पक्कं बसलंय. आईची भिशी दर महिन्याला असते, बारा पंधरा बायका. ९ जानेवारी २०२६ला डब्ल्यूपीएलची पहिलीच मॅच आहे आणि ती पण मुंबई विरुद्ध आरसीबी, शुक्रवार. जानेवारीची भिशी त्या दिवशी घेऊया असं आईला आत्ताच मेसेज केलाय. वरची खोली मोठी आहे, जिना बाहेरनं आहे. बाबांना मुंबईकडनं बसवते.

निपाणीचा_पलटणवाला
बाबांबरोबर मुंबईला अजून माणूस लागेल. माझी बहीण अनगोळला दिलीय, माझ्यापेक्षा कट्टर. तिला यायला चालेल काय? मेसेजमध्ये पत्ता द्या, इथं उघड्यावर टाकू नका.

शहापूरवाली
चालेल काय म्हणजे, पाठवाच. येताना मुंबईचा झेंडा असेल तर आणू दे.

खानापूरची_फॉरवर्ड
मी पण येणार खरं मॅच संपल्यावर खानापूरला परत यायला काही मिळत नाही, मुक्काम करावा लागेल. तुझ्या आईला माझ्या आईशी एकदा फोनवर बोलायला सांग, म्हणजे आमच्याकडनं लगेच हो येईल. काकूंना पण विचारते, त्या मळकी पोरगी कुठल्या टीममधनं खेळते ते विचारत होत्या, दिल्लीकडनं म्हटल्यावर जरा नाराज झाल्या.