फ्रान्सच्या किनाऱ्यालगतच्या सपाट पाणथळ प्रदेशात रोड सायकल चालविण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण नोकरीनिमित्त फ्रान्समधील नांत शहरात राहते. येत्या जूनमध्ये मी तिच्याकडे जाणार असून सोबत रोड सायकल नेण्याचा विचार आहे. नांतच्या नैर्ऋत्येला समुद्रापर्यंत ‘मारे ब्रतों’ नावाचा सपाट पाणथळ प्रदेश पसरलेला आहे आणि तेथील लहान रस्त्यांवर वाहनांची वर्दळ फारशी नसते, असे तिने कळविले आहे. दोनशे व तीनशे किलोमीटरच्या बीआरएम (ठराविक वेळेत पूर्ण करावयाच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या) मी पूर्ण केल्या आहेत. मात्र माझा सारा सराव परभणी, जिंतूर, गंगाखेड याच टापूतला आहे.

चढच नसलेल्या मुलखात रोज सव्वाशे किलोमीटरचा बेत वाजवी ठरेल काय? २५ मिलिमीटरचे टायर चालतील काय? शिवाय भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारा एक रस्ता त्या भागात आहे म्हणतात. त्यावरून सायकल नेणे शहाणपणाचे आहे काय? मी शाकाहारी आहे, तेव्हा वाटेतील खाण्यापिण्याविषयीही कोणी सांगितले तर उपकार होतील.

बालाघाट (बीड)

गोदाकाठ सर, सपाट म्हणजे सोपे ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागेल. घाट कितीही अवघड असला तरी माथ्यावर संपतो आणि पलीकडच्या उतारावर पायांना उसंत मिळते. मारे ब्रतोंमध्ये उतारच नसल्यामुळे सकाळी पहिले पॅडल मारल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंत पाय चालते ठेवावे लागतात, आणि त्यावर वारा असतो.

हा वारा अटलांटिकवरून, मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्याला अडवणारे तेथे फारसे काही नाही, कारण ही जमीन मुळात समुद्राची आहे. खाडीत गाळ साचत गेला, मध्ययुगात तेथे मिठागरे झाली, तेथले मीठ जहाजांनी उत्तर युरोपातील बंदरांपर्यंत जाऊ लागले, आणि पुढे त्यातील बरीचशी मिठागरे मोडून गुरांची कुरणे झाली. आजही ती कुरणे मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत आणि बांध व झडपांच्या आधारानेच कोरडी राहतात. झाडे तुरळक, घरे बैठी, मधे कालवे. अशा उघड्या रानात सायकलस्वाराला आडोसा मिळणार कोठून?

थोडे गणित मांडतो. आपण ताशी २५ किलोमीटर वेगाने चाललो आहोत आणि समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा आहे असे धरू. म्हणजे अंगावर येणारी हवा ताशी ४५ किलोमीटरची झाली. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो वारा पडलेल्या दिवसाच्या सुमारे सव्वातीनपट होतो, आणि तोच वेग राखायचा तर त्या अवरोधासाठी लागणारी ताकदही तितक्याच पटीने वाढते. म्हणून अशा प्रदेशात किलोमीटरऐवजी तासांचा हिशेब ठेवावा. पहिल्या दिवशी सत्तर-ऐंशी किलोमीटर पुरे. वाऱ्याचा अंदाज आल्यावर सव्वाशेचा विचार करावा.

नांतहून समुद्र पश्चिमेला आहे, हे तुमच्या पथ्यावर पडणारे आहे. सकाळी वारा तुलनेने मंद असतो, तेव्हा त्याला तोंड देत किनाऱ्याकडे जावे आणि दुपारनंतर समुद्रावरचा वारा जोर धरू लागला की तो पाठीशी घेऊन परतावे. याच्या उलट बेत केला तर दमलेल्या पायांनी संध्याकाळी वाऱ्याशी झगडावे लागेल. दोघे-तिघे असाल आणि वारा बाजूने येत असेल तर सरळ रांगेत चालून मागच्याला आडोसा मिळत नाही. वाऱ्याच्या उलट अंगाला सरकून तिरकी रांग धरावी लागते. मात्र हे रस्ते इतके अरुंद आहेत की दोघांपेक्षा जास्त जण अशा रांगेत मावणार नाहीत, आणि समोरून ट्रॅक्टर आला की तीही मोडावी लागेल. रस्ते बहुतेक ठिकाणी कालव्याच्या कडेने काटकोनात वळतात, त्यामुळे समोरचा वारा पुढच्या वळणावर एकाएकी कुशीतून येतो. फार उंच रिमची चाके असतील तर ती घरीच ठेवा.

आणखी एक गोष्ट चढ-उताराच्या रस्त्यावर जाणवत नाही. सपाटीवर माणूस तासन्‌तास एकाच बैठकीत राहतो. त्यामुळे पायांच्या आधी मान, तळहात आणि बैठकीची जागा तक्रार करते. दर पंधरा-वीस मिनिटांनी जड गिअर घालून थोडे उभे राहून पॅडल मारावे आणि हँडलवरची पकड बदलत राहावी.

सरावासाठी तुम्हाला लांब जाण्याची गरज नाही. मे महिन्याच्या उत्तरार्धात आपल्याकडे पश्चिमेचा वारा वाढू लागतो. तेव्हा परभणीहून मानवतमार्गे पाथरीकडे न थांबता, एकाच लयीत सायकल चालवावी. ऊन टाळायचे म्हणून पहाटे निघालात तर वारा कमी मिळेल, पण मेच्या दुपारी सायकल काढण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. त्यापेक्षा एक-दोन दिवस आमच्याकडे पाटोद्याच्या पठारावर या. तेथे पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत.

टायरविषयी: २५ चे टायर डांबरी रस्त्यावर चालतील, तरी फ्रेममध्ये जागा असल्यास २८ किंवा ३० चे घालावेत, कारण तेथील लहान रस्त्यांवर डांबरावर बारीक खडी दाबून केलेला खरबरीत थर पुष्कळदा असतो. उत्तरेच्या रॉस्कॉफपासून स्पेनच्या सीमेवरील आंदायपर्यंत जाणारा ‘व्हेलोदिसे’ हा बाराशे किलोमीटरहून लांब सायकल मार्ग याच भागातून जातो, परंतु त्याचे काही टप्पे दाबलेल्या मुरमाचे आहेत. रोड सायकलवाल्याने तो आंधळेपणाने न धरता, त्याला समांतर असणारे आणि नकाशात ‘डी’ अक्षराने दाखविलेले लहान रस्ते निवडावेत.

नाथसागर (पैठण)

पाण्याखाली जाणारा रस्ता म्हणजे ‘पासाज द्यू ग्वा’. बोव्वार-स्यूर-मेर या गावाजवळचा किनारा आणि न्वारमूतिए हे बेट यांना जोडणारी ही सव्वाचार किलोमीटरच्या आसपासची फरसबंदीची वाट दिवसातून दोनदा समुद्राखाली जाते. १९७१ मध्ये बेटाला पूल झाला, तोपर्यंत सुक्या रस्त्याने बेटावर जायचे तर हीच वाट होती.

जाणे शहाणपणाचे आहे, परंतु वेळ पाळूनच. ओहोटीच्या क्षणाआधी साधारण दीड तास आणि नंतर दीड तास एवढीच ती मोकळी असते, आणि वेळापत्रक दोन्ही टोकांना लावलेले असते. आपण समुद्र नसलेल्या मुलखातले. कोकणातला माणूस ज्या गोष्टी उपजत जाणतो त्या आपल्याला शिकाव्या लागतात. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल सकाळी नऊला वाट मोकळी होती म्हणून आजही असेल असे गृहीत धरता येत नाही. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि तितकेच जास्त ओसरतेही. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत ते पुरेसे ओसरत नाही. फ्रान्समध्ये हे प्रमाण २० ते १२० या गुणांकाने दाखवितात. गुणांक लहान असेल त्या दिवशी वाट कमी वेळ मोकळी राहते, म्हणून प्रवासाची तारीख पंचांग पाहून ठरविली तरी हरकत नाही. वाटेत अडकलेल्यांना चढून बसण्यासाठी उंच खांबांवर मचाणे बांधलेली आहेत. त्यांचा उपयोग होतो, यावरून काय ते समजावे.

निसरडेपणाचा धोका पाण्याइतकाच खरा आहे. १९९९ च्या तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत दुसऱ्या टप्प्यावर सायकलस्वारांचा जथा याच वाटेवरून गेला, ओल्या व शेवाळलेल्या फरसबंदीवर अनेक जण घसरून पडले आणि स्वित्झर्लंडच्या ॲलेक्स झ्यूले याने त्या एका दिवशी सहा मिनिटांहून अधिक वेळ गमावला. ती शर्यत तो साडेसात मिनिटांच्या फरकाने हरून दुसरा आला, आणि ज्याच्याकडून हरला त्या लान्स आर्मस्ट्राँगचे विजेतेपद उत्तेजकांच्या सेवनामुळे २०१२ मध्ये काढून घेण्यात आले. हा हिशेब झ्यूलेने किती वेळा मांडला असेल कोण जाणे! आपल्याला शर्यत नाही, तेव्हा पाणी ओसरल्यावर दगड थोडे सुकू द्यावेत, हँडल सरळ ठेवावे, पुढचा ब्रेक दाबू नये आणि मोटारींना खुशाल पुढे जाऊ द्यावे. परतल्यावर त्याच दिवशी साखळी व गिअर गोड्या पाण्याने धुऊन तेल घालावे. खाऱ्या पाण्याने साखळी लवकर गंजते.

मांजरा (लातूर)

दादा, खाण्याचे सांगते. खेड्यांतील दुकाने व बेकऱ्या दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात आणि दोन-तीन तासांनी उघडतात. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याचदा सोमवारीही शुकशुकाट असतो. सकाळीच पाव, फळे आणि त्या भागाची प्रसिद्ध ब्रिऑश (लोणी व अंडी घातलेला गोडसर पाव) घेऊन ठेवावी. अंडे वर्ज्य असेल तर ब्रिऑश टाळावी. ‘मोजेत’ नावाचा पांढरा घेवडा तिकडे आवडीने खातात, पण तो पुष्कळदा डुकराच्या मांसासोबत शिजवतात, म्हणून विचारूनच मागवावा. शेंगदाण्याची चिक्की नेता येईल. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे, त्यामुळे ताईंसाठी कुंथलगिरीचा पेढा नेण्याचा मोह आवरावा.

पाणी संपले तर गावच्या दफनभूमीत नळ असतो, ही तेथील सायकलस्वारांची जुनी युक्ती. नळावर ‘नों पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) अशी पाटी असल्यास ते पिऊ नये. वाहतूक उजवीकडून चालते आणि जेथे पाटी अथवा सिग्नल नाही त्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते.

गोदाकाठ (परभणी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आणखी एक शंका आहे. दोन-तीन दिवस मोकळे मिळाले तर दक्षिणेकडील कामार्गला जावे, की जवळच्या ‘मारे प्वातवँ’ या पाणथळ प्रदेशाला? कामार्गला रोहित पक्षी मोठ्या संख्येने असतात असे ऐकून आहे.

नाथसागर (पैठण)

रोहित पाहण्यासाठीच जायचे असेल तर हिवाळ्यात जायकवाडीला या, घरचेच आहे. कामार्ग हा भूमध्य समुद्राकाठचा, रोन नदीच्या मुखाचा प्रदेश. नांतपासून तो देशाच्या दुसऱ्या टोकाला पडतो. तेथे उत्तरेकडून येणारा मिस्त्राल वारा सुरू झाला की दिवस दिवस थांबत नाही, डासही पुष्कळ असतात, आणि समुद्राच्या बांधावरची नावाजलेली वाट कच्ची असल्यामुळे तुमच्या सायकलीला ती मानवणार नाही.

बालाघाट (बीड)

मीही मारे प्वातवँच म्हणेन. निओर शहरापासून समुद्रापर्यंत सुमारे एक लाख हेक्टरांवर पसरलेला हा प्रदेश कामार्गखालोखाल फ्रान्समधील सर्वांत मोठा पाणथळ भाग मानला जातो. तेराव्या शतकात पाच मठांच्या भिक्षूंनी मिळून येथे कालवा खणला, तो आजही ‘पाच मठाधिपतींचा कालवा’ म्हणून ओळखला जातो. सायकलस्वाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की या प्रदेशाचे दोन भाग आहेत. समुद्राकडचा निचरा केलेला भाग म्हणजे उघडी, सपाट गहू-मक्याची शेते असून तेथे वारा मारे ब्रतोंइतकाच झोंबतो. निओरकडचा कूलों गावाभोवतालचा ओला भाग मात्र कालव्यांच्या जाळ्याचा आहे आणि कालव्यांच्या काठांवर ॲश व पॉप्लरची दाट झाडी असल्यामुळे रस्त्यांना सावली आणि आडोसा दोन्ही मिळतात. तेव्हा वारा शांत असेल त्या दिवशी समुद्राकडे जावे, आणि हवामानाच्या अंदाजात ताशी तीस किलोमीटरपेक्षा जास्त वारा दिसला की कूलोंच्या बाजूला राहावे. नांतहून ला रोशेलपर्यंत रेल्वेने आलात तर तेथून दोन्ही भाग आवाक्यात येतात. फक्त ज्या गाडीने जाणार तिच्यात सायकल तशीच घेतात की सुटी करून पिशवीत घालावी लागते, हे तिकीट काढतानाच पाहून घ्या.