बाबा म्हणतेत आता व्हेंटिलेटर नको, हे कागदावर लिहून ठेवता येते का?

हिंगणघाटवाला:
बाबांले सीओपीडी आहे, म्हणजे फुफ्फुसाचा जुना दम्यासारखा आजार, बिडी सुटली पण दम नाही सुटला. मागच्या पावसाळ्यात व्हेंटिलेटरवर होते, कसेबसे निघाले अन् तेव्हापासून एकच धोशा, ती नळी पुन्हा नको, मले घरीच राहू दे. मोठा भाऊ म्हणते गावात लोकं काय म्हणतीन, पोरायनं इलाज नाही केला. घरी ऑक्सिजनची मशीन आहे पण लाईन गेली की सगळ्यायचाच जीव वर-खाली. काय करावं जी?

तहसीलचौक:
येते. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये मान्य केलं, २०२३ मध्ये सोपं केलं. आधी मॅजिस्ट्रेट लागत होता, आता दोन साक्षीदार अन् नोटरी नाहीतर राजपत्रित अधिकारी. बाबांच्या वतीनं कोण बोलणार त्याचं नाव टाका. पण बाबा शुद्धीत आहेत तोवर त्यायचंच चालते, कागद नंतरसाठी. अन् कागद दाखवला की लगेच नळी काढली असं नसते, दवाखान्यात डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवते.

सिस्टरताई:
वकिलाच्या आधी बाबांजवळ बसा. नळी नको म्हणजे नेमकं काय नको? बायपॅपचा, म्हणजे दाबानं हवा देणाऱ्या मशीनचा मास्क वेगळा, त्यात घशात नळी जात नाही, अन् दम वाढला की पुष्कळदा नेब्युलायझर, औषधं अन् मास्कवरच उतरतो. म्हणून "दवाखानाच नको" असं सरसकट लिहू नका, या आजारात माणूस आज गेला असं वाटते अन् आठ दिवसांनी पारावर दिसते. ऑक्सिजन मशीनचा काटा घाबरून वाढवू नका, या पेशंटांना सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, साधारण ८८ ते ९२ टक्के पुरते, जास्त ऑक्सिजन दिला तर काहींना कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येते. लाईनीसाठी एक भरलेला सिलिंडर घरी ठेवाच. शेवटी शेवटी घुसमट फार झाली तर डॉक्टर मॉर्फिनचा लहान डोस देतात, आधीच विचारून ठेवा, ऐनवेळी तालुक्याला मिळेल याचा भरवसा नाही. तोंडावर टेबलफॅनचा वारा घेतला तरी बरं वाटते, हसू नका, खरं आहे.

काटोलची लेक:
भावाले कागद दाखवून उपयोग नाही, त्याले बाबांच्या तोंडून ऐकू द्या. मामाले मधात बसवा. आमच्या घरी आत्याच्या वेळी कोणी विचारलंच नाही अन् मग तेराव्यालेच भांडण.

हिंगणघाटवाला:
सिस्टरताई, विचारलं. मास्क चालते म्हणले, नळी नाही, अन् शेवटी नागपूरले नेऊ नका म्हणले. भाऊ उठून वावरात गेला. नोटरी घरी येते का कोणाले माहीत? बाबांले पायऱ्या चढवत नाही.